ऊन पिणारी भिंत

भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, मला ओढत आतल्या खोलीत नेलं आणि माझा तळहात पश्चिमेच्या भिंतीवर दाबून धरला.

“काय वाटायलंय?”

मी गडबडलो. “भिंत वाटतेय.”

“बरोबर,” ते म्हणाले. “तुझ्याआधी एक जण आला होता. म्हणाला, वास्तू शुभ आहे. त्याला मी खोली दिली नाही.”

अशा रीतीनं हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली. परीक्षा पास झालो हे कळलं, पण परीक्षा कशाची होती ते मात्र कळलं नाही. पुढची काही वर्षं त्या घरात मी ज्या अवस्थेत काढली, तिची ही सुरुवात होती.

घरमालक एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. भाजीवाला सर म्हणायचा, पोस्टमन सर म्हणायचा, आणि रागावल्यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे काकूसुद्धा सर म्हणायच्या. उंच, काटकुळा माणूस. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि मास्तर लोक जिथं पेन लावतात तिथं काचेचा थर्मामीटर. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभर लांब. सर तो कशातही बुडवत. चहात, ताकात, आमटीत. एकदा चार पाहुण्यांच्या देखत त्यांनी तो श्रीखंडात खुपसला. काकू वाटी हातात धरून शांतपणे उभ्या राहिल्या.

“ताप आहे का त्याला तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे वाढते.”

कुणाच्याही घरी गेले की सर आधी भिंतीला हात लावत आणि मग माणसांना नमस्कार करत. लग्नाच्या घरी, बारशाच्या घरी, अगदी समाचाराला गेले तरी. काकूंच्या भाचीला सिकंदराबादचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचं, माणसं चांगली. घर बघायला म्हणून मुलीकडची मंडळी गेली, त्यात सरही होते. बैठकीत चहा आला. सर उठून पश्चिमेच्या भिंतीशी गेले, दोन्ही तळवे टेकवले, गाल टेकवला आणि मुलाच्या वडिलांकडे वळून म्हणाले, “पोरगी भाजून निघेल इथं.”

मुलाचे वडील हुंड्याबद्दलचे टोमणे ऐकायची तयारी करून बसले होते. भिंतीबद्दलचा टोमणा त्यांना नवीन होता. लग्न मोडता मोडता राहिलं. पुढं त्यांनी त्या भिंतीला बाहेरून बांबूचा मांडव घातला, वेल चढवला आणि आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवतात म्हणे.

भिंतीचं हे वेड सरांना कुठून लागलं, ते मी अनेकांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं. सरांनी स्वतः दोनदा सांगितलं, तेही दोनदा वेगळं. मात्र त्या वेडाला नेमकं काय हवं होतं, ते मला एका जानेवारीच्या सकाळी समजल्यासारखं वाटलं.

काकू ओसरीवर केसांना तेल लावायला बसल्या होत्या. थंडीनं खोबरेल थिजून पांढरं झालं होतं. त्यांनी बाटली उन्हात ठेवली. सर तयारच होते. त्यांनी थर्मामीटर बाटलीत रोवला आणि मला हाक मारली.

“आकडा बघत राहा.”

मी बघत राहिलो. तेल कडेनं वितळायला लागलं. आकडा चढला, चढला आणि एका जागी बसला.

“ऊन थांबलंय का?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“मग ते जायलंय कुठं?”

“तेलात.”

“तेल गरम व्हायलंय का?”

मी आकड्याकडे बघितलं. “नाही.”

“मग?”

मी त्यांच्या कॉलेजात कधीच नव्हतो, तरी मी हाताची घडी घालून सरळ उभा राहिलो.

“वितळण्यात जायलंय,” सर म्हणाले. “सगळंच्या सगळं. शेवटचा कण वितळेपर्यंत आकडा हलणार नाही. आता हीच गोष्ट भिंतीत भर. बाहेर वैशाख पेटू दे. भिंत आपली आतल्या आत वितळत बसेल. खोलीतल्या माणसाला पत्तासुद्धा लागणार नाही.”

“आणि रात्री?”

“रात्री गार वाऱ्यानं पुन्हा थिजेल. दिवसभर प्यालेलं ऊन ओकून टाकेल. सकाळी पुन्हा तहानलेली.”

काकू बाटलीची वाट बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिवसा ओकली तर मी आवरीन. रात्री माझ्या उशाशी कशाला ओकायची?”

“उशाशी नाही ओकत. खिडकीतून बाहेर जातं ते.”

“हौ,” काकू म्हणाल्या. “आता माझी बाटली द्या.”

माझ्या येण्याआधी सरांनी दोन प्रयोग केले होते, ते मला काकूंकडून कळले. पहिल्यांदा त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात मेणबत्त्यांचं मेण भरलं. ते वितळवायला चूल लागते. हैदराबादचा मे महिना कितीही कष्टाळू असला तरी त्याला ते जमलं नाही. कोनाडा ढिम्म. मग सरांनी वनस्पती तूप भरलं. ते वितळलं, छान वितळलं, आणि अर्ध्या गल्लीतले उंदीर पंगतीला आले.

तोवर हा सगळा छंद होता. मी आलो त्या वर्षी मात्र गोष्ट छंदाची राहिली नाही.

काकूंचे गुडघे गेले होते. त्यांना जिना चढवत नसे, म्हणून त्या खालच्या पश्चिमेच्या खोलीत झोपत. ती खोली म्हणजे भट्टी. एसीची हवा लागली की त्यांचे गुडघे रात्रभर ठणकत. कूलरच्या ओल्या हवेनं तेच. आदल्या मे महिन्यात त्या खोलीतच त्यांना भोवळ आली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांचा मुलगा अभय पुण्याला असे. त्यानं तेव्हाच ठरवलं होतं, आता घर बिल्डरला द्यायचं आणि आईबापांना आपल्याकडे न्यायचं. दर रविवारी फोनवर तोच विषय. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे विषय वरच्या मजल्यापर्यंत येई.

“बाबा, एका भिंतीसाठी आईचा जीव घेणार आहात का?”

“या उन्हाळ्यात तिची खोली गार ठेवून दाखवतो,” सर म्हणाले.

“ठीक. खोली गार राहिली तर मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही राहिली तर जूनमध्ये येतो, बिल्डरच्या कागदांवर सह्या करू, आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर पुण्याला.”

“मंजूर.”

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, “खोली माझी, गुडघे माझे, आणि मंजूर हे करायलेत.”

पुण्याला जाण्यात सरांना एवढं काय वाटत होतं, ते मला आधी समजेना. मुलगा चांगला, सून चांगली, पुण्याची हवासुद्धा चांगली. एका संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. ते शाळेत होते तेव्हा जुनं हैदराबाद राज्य तीन दिशांना वाटलं गेलं. त्यांचे काका, आत्या, मामा सगळे परभणी-औरंगाबादकडचे. ते तिकडच्या राज्यात गेले. वडील इथं सरकारी नोकरीत, मराठी माणूस, त्यांनाही तिकडे जाता आलं असतं.

“मग का नाही गेले?”

“ते म्हणाले, मी कशाला उठू? राज्य उठून गेलं. वडील बसून राहिले.” सरांनी खिशातला थर्मामीटर सारखा केला. “बसून राहायलासुद्धा मेहनत लागते, बाबू. उठलेल्या माणसाची सगळ्यांना दिसते.”

आणि गंमत बघा, तो उन्हाळा पुन्हा वाटणीचाच होता. दोन हजार चौदा. जूनमध्ये राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते. मी राज्य सरकारच्या एका खात्यात नोकरीला होतो, आणि मी कुठल्या तुकड्यात पडणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात खुर्च्यांवर खडूनं खुणा झाल्या होत्या. कपाटं इकडची, पंखे तिकडचे. एक टेबल असं होतं की ज्याचे खण एका राज्याला आणि फळी दुसऱ्याला जाणार अशी अफवा होती. आमचे साहेब रोज सकाळी नवीन नियम सांगत आणि संध्याकाळी तो मागे घेत. माझ्या आईचा रोज फोन यायचा, “कळलं का रे कुठं?” मी सांगायचो, “नाही.” ती म्हणायची, “मग तू तिथं बसून करतोस काय?” हा प्रश्न मलाही पडला होता.

सर मात्र खुशीत. मी फाटकातून आत आलो की ओसरीवरून त्यांचा एकच प्रश्न.

“वितळलास का?”

“नाही सर. अजून घट्ट आहे.”

“आकडा हलत नाही म्हणजे काही होत नाही असं समजू नकोस,” ते म्हणायचे. “आत चालू असतं.”

मी त्यांना एकदा ऑफिसातला तंटा सांगितला. स्थावर मालमत्ता जिथं आहे तिथल्या राज्याला, जंगम मालमत्ता वाटून घ्यायची. सर पुढं सरसावून बसले. “म्हणजे माझी भिंत दिवसा वितळलेली असताना जंगम, आणि रात्री थिजल्यावर स्थावर? विचार तुझ्या साहेबाला.” मी खरंच विचारलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, लेखी द्या.

मार्चमध्ये सर मला घेऊन बेगम बाजारात गेले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मेणाच्या कारखान्यातून खास मेण पाठवलं होतं. आपल्या खोलीतल्या गरमीला वितळेल आणि पहाटेच्या गारव्याला थिजेल, असं मऊ मेण. ते भरायला भांडी हवी होती. भांड्यांच्या ठोक दुकानात सरांनी ॲल्युमिनियमचे चपटे जेवणाचे डबे मागितले. एवढे मागितले, की दुकानदारानं पोराला माडीवर पाठवलं आणि स्वतः आदरानं उठून उभा राहिला.

“कित्ते बच्चों का इस्कूल है, सर?”

“इस्कूल नहीं. दीवार है.”

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यांकडे बघितलं.

“दीवार टिफिन लेके जाती?”

“जाती नहीं,” सर गंभीरपणे म्हणाले. “घर पे-च खाती.”

पुढचा अंक मेस्त्रीचा. त्यानं काकूंच्या खोलीच्या भिंतीचा आतला गिलावा खरवडला, एक पातळ कप्पा केला आणि सर हातात देतील तसा एकेक मेण भरलेला, झाकणं लाखेनं बंद केलेला डबा तो त्यात बसवू लागला. थोडा वेळ त्यानं अब्रूनं सोसलं. मग थापी खाली ठेवली.

“साब, मेरे बावा बी दीवारां बनाए, मैं बी बनाया. डब्बे कोई नै डलवाए. सालन कौनसा है इसमें?”

“मोम.”

“मोम कैकू?”

“ठंडक के वास्ते.”

मेस्त्रीनं थापी पुन्हा उचलली. “दीवार गिरी तो मेरा नाम नक्को लेना, साब.”

भिंत पडली नाही. गिलावा झाला, चुना झाला, आणि बाहेरून बघणाऱ्याला कळणारही नाही की काकूंच्या उशाशी एका अख्ख्या शाळेची मधली सुट्टी चिणलेली आहे. फक्त एका डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. तिथून मेण गिलाव्यात झिरपलं आणि तळहाताएवढा डाग पडला. मेण वितळलं की डाग काळपट, ओला दिसे. थिजलं की पुसट होऊन चुन्यात विरून जाई. सरांना या डागाचा एवढा आनंद झाला की त्यांनी मेस्त्रीला मिठाई पाठवली. भिंतीच्या पोटात काय चाललंय ते आता बाहेरून दिसत होतं.

एप्रिलच्या शेवटी ऊन तापलं, आणि पहिले दोन-तीन दिवस खोली खरोखर गार राहिली. दुपारी बाहेर रस्ता चुलीसारखा, आणि काकू आत पाय पसरून निवांत लसूण सोलत बसलेल्या. सर थर्मामीटर घेऊन एकेका शेजाऱ्याला बोलावून आणत. शेजारी येत, भिंतीवर हात ठेवत, मान डोलावत आणि जाताना मला हळूच विचारत, “आत काय बसवलंय, मशीन?”

मग काहीतरी बिनसलं.

मे लागला आणि डाग हटेना. सकाळी ओला, दुपारी ओला, संध्याकाळी ओला. भिंत वितळली ती वितळलेलीच राहिली. आता ती ऊन पीतही नव्हती. दुपारी खोली तापायची ती रात्रभर तापलेली. काकूंचे डोळे सुजलेले दिसू लागले. जेवण कमी झालं. एकदा उठताना त्यांनी कपाटाचा आधार घेतला, तेव्हा सरांचा चेहरा मी बघितला. थट्टा करायला माझी जीभ वळली नाही.

“मी म्हटलं होतं ना,” काकू म्हणाल्या. “उशाशी ओकेल.”

सरांनी मेणावर शंका घेतली. विद्यार्थ्याला फोन लावला. त्यानं शपथा घेतल्या. त्यांनी सूर्यावर शंका घेतली. मग थर्मामीटरवर, आणि नवीन आणला. आम्ही दोघं उन्हाळाभर गच्चीवर झोपायचो. सर तर लहानपणापासून मार्च ते जून गच्चीवरच झोपत. पहाटे पहाटे असा गार वारा सुटायचा की चादर ओढून घ्यावी लागे. सर उठून बसत, आकडा बघत आणि अंधारात माझ्यावर ओरडत, जणू मीच भिंत होतो.

“इथं एवढं गार आहे. मग खाली थिजत का नाही? भिंतीचं पोट भरलंय, कबूल. पण रिकामं का होत नाही?”

मला काय माहीत. मला तर मी कोणत्या राज्यात आहे हेही माहीत नव्हतं.

रविवारी अभयचा फोन आला. “कसं चाललंय, बाबा?” सर खोटं बोलणारे नव्हते. “अजून जून आला नाही,” एवढंच म्हणाले. अभयनं तिकिटं काढल्याचं सांगितलं. जूनच्या पहिल्या आठवड्यातली. येतानाचं एक, जातानाची तीन.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी पहाटे वळीव आला. आधी धूळ, मग टपोरे थेंब. आम्ही गाद्या गुंडाळून जिन्यानं खाली पळालो. एरवी सर उजाडून गेल्यावर उतरत, काकूंनी चहा टाकल्याचा वास आला की. त्या दिवशी त्यांनी अंधारातच दार वाजवलं.

आतून वरची कडी काढल्याचा आवाज आला. मग खालची. मग एक जड खुर्ची फरशीवरून घासत बाजूला सरकल्याचा. मग दार उघडलं आणि आतली हवा आमच्या तोंडावर आली, भाकरीच्या तव्यावरून येते तशी.

सर दारातच उभे राहिले. खोलीच्या दोन्ही खिडक्या बंद होत्या. कड्या लावलेल्या, आणि फटीत जुन्या लुगड्याचे बोळे.

“खिडक्या?” सर म्हणाले.

“लावते की.”

“रोज?”

“लग्न झाल्यापासून. उन्हाळा आला की तुम्ही वर. आधी सासूबाई होत्या, मग अभय होता. आता खाली मी एकटी. उघड्या खिडक्यांत झोप लागंल का मला?”

“मी वरच तर असतो.”

“असता,” काकू म्हणाल्या. “घोरत असता.”

“पण मी उतरतो तेव्हा उघड्या असतात त्या.”

“दूधवाला आला की उघडते. तुम्ही उतरता तेव्हा सगळं जग उठलेलं असतं.”

सरांनी उन्हाचा हिशोब मांडला होता, वाऱ्याची दिशा मांडली होती, चुन्याची जाडी मांडली होती. इतक्या वर्षांच्या संसारात आपली बायको उन्हाळ्यात कशी झोपते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. थर्मामीटर निघाला. तो हातात धरून ते उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं आणि कशातच न बुडवता परत खिशात ठेवला. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी काकूंना म्हणालो, “काकू, मग इतके दिवस तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं भिंत काय खाते, काय पिते? हे म्हणाले डबे बसवतो, मी म्हटलं बसवा.”

त्या संध्याकाळी सरांची गादी गच्चीवर आली नाही. मी खाली उतरून बघितलं. त्यांनी खालच्या खोलीत खिडकी आणि काकूंची खाट यांच्या मधोमध स्वतःची खाट टाकली होती. वर मच्छरदाणी. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. ज्या माणसाला डोक्यावर छत घेऊन उन्हाळ्यात झोपणं म्हणजे तुरुंग वाटायचं, तो सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी ओसरीवर बसलेला दिसला.

“झोप लागली का, सर?”

“नाही.”

“काकूंना?”

“घोरत होती,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात एक प्रकारचं आश्चर्य होतं.

पुढं एका सकाळी काकूंनी मला खाली हाक मारली. “ये, बघ.” मी गेलो. डाग नव्हता. चुना कोरडा, पांढरा. भिंत थिजली होती. सर तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर उलटा धरला होता.

जून आला. राज्याचे दोन तुकडे झाले. फटाके वाजले, मिठाया वाटल्या गेल्या, काहींनी दारं लावून घेतली, आणि मी दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर जाऊन बसलो, कारण मी कुणाचा हे अजून ठरायचं होतं. त्याच आठवड्यात अभय आला. पाऊस अजून नव्हता. दुपारचं जेवण झाल्यावर तो आईच्या खोलीत गेला, आम्ही मागोमाग. सरांनी त्याचं मनगट धरलं आणि तळहात भिंतीवर दाबला.

“काय वाटायलंय?”

अभय प्रामाणिक मुलगा. त्यानं नीट विचार केला. “ठीक आहे. म्हणजे, गरम नाही.” मग त्यानं बापाच्या खिशातला थर्मामीटर घेतला. ओसरीत धरला, खोलीत धरला. दोन आकडे मनात ताडून पाहिले. “बाबा, फरक आहे. पण एवढा फरक उघड्या खिडक्या आणि पंख्यानंही पडला असता.”

“पडला असता,” सर म्हणाले. “काही थोडा.”

“मग?”

सरांनी थर्मामीटर परत घेऊन खिशात ठेवला. आता तिकिटं खिशातून निघणार असं मला वाटलं. सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. त्या खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या.

“आई, तू सांग. गार वाटतं का?”

“गार-बिर मला काही कळत नाही,” काकू म्हणाल्या. “झोप लागते.”

“पण खोली...”

“अभय, झोप लागते म्हटलं ना.”

अभयनं भिंतीकडे बघितलं. मग खिडकीशी टाकलेल्या दुसऱ्या खाटेकडे, तिच्यावर गुंडाळून ठेवलेल्या मच्छरदाणीकडे. मग बापाकडे. त्याला काहीतरी विचारायचं होतं. पण मुलानं ते आपल्या आईवडिलांना कसं विचारायचं, हे त्याला सुचलं नसावं. तो एकटाच पुण्याला परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “भिंत खरंच चालते का हो?” मी म्हणालो, “चालते.” मग म्हणालो, “म्हणजे, काहीतरी चालतं.”

ते भिंतीमुळं झालं, वाऱ्यामुळं झालं की खाटेमुळं, हे मला आजही सांगता येणार नाही. सरांना हा गुंता सोडवायची रीत अर्थातच माहीत होती.

“शास्त्राप्रमाणं बघायचं तर,” ते एकदा ओसरीवर म्हणाले, “खिडक्या उघड्या ठेवून चार दिवस मी वर झोपायला पाहिजे. म्हणजे कळेल भिंतीचा वाटा किती.”

“झोपा की,” आतून काकू म्हणाल्या. “कुणी धरून ठेवलंय?”

“पुढच्या उन्हाळ्यात करू.”

पुढच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, यंदा ऊनच कमी आहे. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात नवीन थर्मामीटर यायचा होता. आयुष्यभर श्रीखंडालाही न सोडणाऱ्या माणसानं हा एक प्रयोग कधीच केला नाही. गच्चीवर मी एकटा झोपू लागलो.

शेवटी मी वितळलो. दुसऱ्या राज्याच्या वाट्याला गेलो आणि विजयवाड्याला बदली झाली. निघताना सरांनी हात हातात घेतला, घट्ट दाबला, जणू माझंही काहीतरी मोजत होते. म्हणाले, “लवकर थीज.”

सर काही वर्षांनी एका थंडीत गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मे महिन्यात काचीगुड्याला पहाटेच्या गाडीनं उतरलो आणि तसाच बरकतपुऱ्यात गेलो. दार वाजवलं. वरची कडी निघाली. खालची कडी निघाली. मग खुर्ची घासत बाजूला झाली.

काकू वाळल्या होत्या. आत तीच हवा, तव्यावरची. खिडक्या बंद, फटीत बोळे. खिडकीशी खाट नव्हती. भिंतीवर तळहाताएवढा डाग, काळपट आणि ओला.

“अभय चल म्हणतो पुण्याला,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, ती भिंत जंगम आहे का स्थावर, ते आधी विचारून सांग.”

मी खिडकीकडे गेलो आणि बोळा ओढायला लागलो.

“राहू दे.”

“काकू, उघडल्या नाहीत तर ती थिजायची नाही. रात्रभर उशाशी ओकत बसेल.”

“हौ. माहीत आहे मला. तेवढीच सोबत.” त्यांनी खाटेची उशी उचलून भिंतीला आणखी जवळ लावली. “हात लाव. काय वाटायलंय?”

मी तळहात ठेवला. पहाट होती, बाहेर गार वारा सुटला होता, आणि भिंत कोमट होती. कालचं अख्खं ऊन तिच्यात जागं होतं.

“गरम आहे,” मी म्हणालो.

“मग राहू दे,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या.